पोराचा वाटा

दबा धरायच्या आधी अप्पाने मला मुतून घ्यायला लावलं,
मग खिशातले चणे काढून घेतले,
चणे वाजतात म्हणून.
मी दहा वर्षांचा. कायदा यायला अजून तीन वर्षं होती,
आणि जांबोटीच्या वर, व्हाळाच्या वळणावर
सांबराला आम्ही मेरू म्हणायचो.

बंदूक ठासणीची. आदल्या रात्री चुलीपाशी
दारू मी मोजली होती, पितळेच्या टोपणाने,
आणि आई आमच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापत होती
जरा जास्तच जोराने.

खालून हाका उठला. पत्र्याचे डबे, शिट्ट्या,
भरमूकाकाची ती बोकडासारखी आरोळी,
आणि सगळ्यांच्या पुढे कुत्रा, करिया.
करिया बैलहोंगलकडच्या मेंढरांत वाढलेला,
त्याला मराठी कळत नसे.
त्याच्यासाठी अप्पाने सात-आठ कन्नड शब्द जमवले होते:
बा, होगु, निल्लु,
साकु, म्हणजे पुरे,
आणि रात्री सोप्यावर गोणपाट टाकून, मलगु. झोप.
माझ्याशीसुद्धा तो इतकं मऊ बोलत नसे.

मेरू आला तेव्हा आवाजच झाला नाही.
कारवी बाजूला झाली आणि तो होता,
भिजल्या घोंगड्याच्या रंगाचा,
शिंगात एक हिरवी वेल अडकलेली.
अप्पाचा हात माझ्या पाठीवर होता.
त्याने दाबलं नाही, ढकललं नाही. नुसता होता.
मी चाप ओढला.

धूर गेला तेव्हा मी उताणा, खांदा जळतोय,
आणि समोर फक्त कारवी हलतेय.

लोक सांगतात तसं ते लगेच संपत नाही.
पानापानावरचे थेंब बघत आम्ही दोन व्हाळ ओलांडले.
प्रत्येक थेंबाशी अप्पा थांबे, मला पुढे करे,
"तू मारलास न्हवं, मग तूच हुडीक."

तो बसला होता.
गोठ्यातल्या बैलासारखे पाय दुमडून,
आमच्याकडेच बघत.
कान तेवढे हलत होते, माश्यांसाठी.
अप्पाने टोपी काढली. कोयता पाठीमागे धरला.
त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाला,
साकु. साकु. मलगु.

वाटे पडले कुंभ्याच्या पानांवर.
हाकेकऱ्यांचे अकरा, बंदुकीचा एक, कुत्र्याचा एक,
तानाक्काचा एक, तिच्या घरी बाप्या नव्हता म्हणून,
पोस्टमनचाही एक, वाटेत भेटला म्हणून.
पोराचा वाटा काळीज आणि एक फरा.
परसात तीन दगडांवर शिजलं. आईने चूल दिली नाही.
मी खाल्लं.
आवडलं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.
रात्री तिने माझ्या खांद्यावर आंबेहळद चोळली,
तीही जरा जास्तच जोराने.

पुढे बंदूक दर निवडणुकीला
खानापूरच्या पोलीस ठाण्यात जमा होई.
एका निवडणुकीनंतर अप्पा ती आणायलाच गेला नाही.
मी कोल्हापुरात नोकरीला लागलो.
करिया केव्हाच गेला होता, आणि त्याच्यानंतर
ते शब्द आमच्या घरात कुणाला लागलेच नाहीत.

परवा बेळगावच्या दवाखान्यात, पहाटे,
अप्पा पाय दुमडून बसायला बघत होता,
नळ्या ओढत होता,
माझ्याकडे बघत होता.
मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दाबलं नाही.
म्हणालो, साकु, अप्पा. मलगु.

पडद्याआडून नर्स आली, हावेरीकडची असावी.
माझं बोलणं ऐकून तिला बरं वाटलं
आणि तिने सगळं कन्नडातच सांगितलं, भराभर,
बोटं मोजत,
औषधांचं, डॉक्टरांचं,
आणि बहुतेक आता किती वेळ, तेही.
मी मान हलवत राहिलो.
मला सात-आठच शब्द येत होते,
आणि ते सगळे करियाचे.